३०० च्या प्लॅनवर केबलने ९४च येतात. कुठली केबल घेऊ?

कोपऱ्यातला:
मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्यात १०० चा प्लॅन बदलून ३०० एमबीपीएसचा घेतला. मॉडेमजवळ उभं राहून मोबाइलवर वायफायने टेस्ट केली की २७०-२८० दिसतात. माझी कामाची खोली मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर पोचेपर्यंत वायफायचा जीव अर्धा होतो, म्हणून तिथला डेस्कटॉप केबलवर ठेवलाय. भिंतीतून आधीपासूनच एक केबल गेलेली आहे, दोन्ही टोकांना सॉकेट. एका सॉकेटातून छोटी केबल मॉडेमला, दुसऱ्यातून डेस्कटॉपला.

तर या डेस्कटॉपवर ९४ येतात. सकाळी ९४, रात्री ९४, मध्यरात्री उठून बघितलं तरी ९४. हेल्पलाइनला फोन केला तर म्हणाले मॉडेम बंद करून चालू करा. केला. ९४.

आता केबलच बदलायची असं डोक्यात आहे. कॅट ५ई, ६, ६ए, ७, ८ अशी उतरंड दिसतेय. आकडा जितका मोठा तितकी चांगली, असंच ना? कॅट ८ ची एक मिळतेय, वरून विणलेलं वेष्टण, टोकं सोनेरी. भिंतीतली ओढून काढू की नवी बाहेरून कडेकडेने नेऊ? जाणकारांनी कृपया सांगावं.

निवांत_मी:
कॅट ८ घ्या आणि मोकळे व्हा. मी पण तीच लावलीय. एकदाच काय ते.

सोल्डरगन:
थांबा, इतक्यात काही घेऊ नका. तुमचा ९४ हा आकडाच बोलका आहे.

प्लॅनचा वेग पाहिजे तो असू शकतो, पण केबलच्या दोन टोकांची पोर्टं मधल्या कुठल्याही वेगाने बोलत नाहीत. १०, १००, १००० (आणि नव्या उपकरणांत २५०० वगैरे) अशा ठरलेल्या पायऱ्या आहेत. तुमची जोडणी १०० च्या पायरीवर अडकलीय. त्यातले ६ कुठे गेले म्हणाल, तर डेटा छोट्या पाकिटांतून जातो, त्या पाकिटांच्या वेष्टणात ते गेले. प्रत्येक पाकिटात तुमचा माल १४४८ ते १४६० बाइट, आणि पत्ते, तपासणीचे आकडे, दोन पाकिटांमधली मोकळी जागा धरून ते पाकीट तारेवर १५३८ बाइटची जागा खातं. भागाकार करून बघा, ९४ ते ९५ टक्के येतं. इंटरनेट मंद असतं तर आकडा वरखाली हलला असता. तुमचा जागचा हलत नाही, कारण तो इंटरनेटचा वेगच नाही, छत आहे.

आता छत कशामुळे आलं? केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या अशा चार जोड्या. १०० च्या वेगाला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, प्लगच्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. १००० ला मात्र आठही तारा लागतात. त्यामुळे एखादी तार तुटली किंवा सॉकेटात नीट बसलेली नसली तरी इंटरनेट चालू राहतं, फक्त एक पायरी खाली उतरतं. कुठे काही बिघडलंय असा संशयही येत नाही. तुमचा आधीचा प्लॅन १०० चाच होता, म्हणजे हा दोष कित्येक वर्षं तिथेच असेल, दिसायचं कारणच नव्हतं.

दोन गोष्टी करून इथे सांगा.
१) विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट. तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो. काय दिसतं?
२) लॅपटॉप असेल तर तो मॉडेमपाशी न्या आणि त्याच छोट्या केबलने थेट जोडा. भिंत मधे नको.

आणि हो, मॉडेमवर चार पोर्टं असतील तर चारही एकसारखी आहेत का बघा. काही मॉडेमवर एकच पोर्ट १००० चं असतं आणि बाकीची १०० ची.

तळटीप:
अवांतर: लोक वायर आणि केबल एकाच अर्थाने वापरतात, पण वायर म्हणजे एकटी तार आणि केबल म्हणजे अनेक तारांचा जुडगा. वरचा प्रतिसाद वाचून हा फरक पहिल्यांदा कामाचा वाटला. केबल शाबूत, वायर तुटलेली!

कोपऱ्यातला:
@सोल्डरगन, लगेच केलं.
१) लिंक स्पीड १००/१००.
२) लॅपटॉप मॉडेमला थेट जोडला. लिंक स्पीड १०००/१०००, टेस्ट २९१! दोन्ही छोट्या केबली आळीपाळीने लावून बघितल्या, दोन्हीवर तेच.
मग हाच लॅपटॉप कामाच्या खोलीतल्या सॉकेटला लावला. ९४.
म्हणजे चोर भिंतीत आहे.

सोल्डरगन:
शंभरातल्या नव्वद वेळा तो भिंतीत नसतो, भिंतीच्या तोंडाशी असतो. सॉकेटची झाकणं उघडा, दोन्हीकडची. आत काय दिसतं ते सांगा. काही हलवू नका, आधी नुसतं बघा.

पटाईत:
झाकणं उघडेपर्यंत कॅटचा विषय उरकून घेऊ, कारण प्रश्न चांगला आहे आणि बाजार त्यावरच चालतो.

कॅट ५ई १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस बिनबोभाट नेते. इतकंच काय, २०१६ साली २५०० आणि ५००० एमबीपीएसचं जे मानक आलं, ते मुळी जुन्या केबली न उपसता वेग वाढवता यावा म्हणूनच आलं. २५०० तर ५ई वरून पूर्ण १०० मीटर जातं. म्हणजे ३०० च्या प्लॅनला ५ई सुद्धा उदंड आहे.

कॅट ६ वर १० गिगाबिट (म्हणजे १०,००० एमबीपीएस) ५५ मीटरपर्यंत जाऊ शकतं, ६ए वर १०० मीटर. भिंतीत नवी केबल घालायचीच असेल तर मी कॅट ६ घालीन. फरक फार नसतो आणि भिंत पुन्हापुन्हा फोडायची नसते. ६ए जाड आणि ताठ असते, छोट्या सॉकेटपेटीत वळवताना घाम फुटतो.

कॅट ७ ही गंमत आहे. तिच्यासाठी मुळात वेगळ्याच आकाराचे प्लग ठरले होते. बाजारात कॅट ७ म्हणून जे मिळतं त्याला मात्र नेहमीचाच आरजे-४५ प्लग असतो. मग कॅट ७ म्हणजे नेमकं काय घेतलं, हा प्रश्नच.

कॅट ८ डेटा सेंटरमधल्या जवळजवळच्या कपाटांसाठी आहे, २५ आणि ४० गिगाबिटसाठी, आणि तेही जेमतेम ३० मीटर. शिवाय ती शील्डवाली असते, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण. शील्डला अर्थिंग मिळालं तर उपयोग. प्लास्टिकच्या मॉडेमला आणि प्लास्टिकच्या सॉकेटला शील्ड कुठे जोडणार? सोनेरी टोकांचं म्हणाल तर प्लगच्या पिनांवर सोन्याचा मुलामा चांगल्या ५ई प्लगलाही असतो. बाहेरचं कवच सोनेरी दिसतं ती नुसती नटवेगिरी.

आकड्यापेक्षा एक गोष्ट नक्की बघा: आतली तार शुद्ध तांब्याची आहे का. स्वस्त गुंडाळ्यांमध्ये ॲल्युमिनियमची तार आणि वर तांब्याचा पातळ थर असतो. वेष्टणावर सीसीए अशी अक्षरं सापडतात, कधीकधी तीही नसतात. एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघालं तर परत करा. ही तार दोन-चारदा वाकवली की पडते, रोध जास्त असतो, आणि केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर गरमही होते.

दूरवर:
तुमचं ३०० आणि १००० चं ऐकून हेवा वाटतो. आमच्याकडे अजून टेलिफोनच्या तारेवरून डीएसएल. मी पण चांगली केबल घेतली तर फरक पडेल का? मॉडेम ते संगणक कॅट ६ आहे. पावसात लाइन सारखी तुटते, फोन वाजला की हमखास.

पटाईत:
@दूरवर, तुमच्याकडे मॉडेम ते संगणक हा भाग गौण आहे. मॉडेमच्या मागे, भिंतीकडे जाणारी जी बारीक फोनची वायर आहे ती बघा. मॉडेमबरोबर अनेकदा लांबलचक, चपटी, न पिळलेली वायर येते. ती काढून शक्य तितकी आखूड आणि पिळलेल्या जोडीची लावा. मॉडेम सॉकेटजवळ ठेवा आणि पुढचं अंतर इथरनेट केबलने कापा. उलटं करू नका.

फोन वाजला की तुटते म्हणजे फिल्टर. आपला आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो, डीएसएल त्याच तारेवर २५ किलोहर्ट्झच्या वर चालतं. दोघांना वेगळं करणारी छोटी डबी प्रत्येक फोनच्या आधी लागते. एक जरी फोन, फॅक्स किंवा अलार्म त्या डबीशिवाय लाइनवर असला तरी सगळ्यांचं बिघडतं. घरातले सगळे फोन काढा, एकट्या मॉडेमवर एक दिवस चालवून बघा. नंतर एकेक जोडत जा.

पावसाचं मात्र बाहेरच्या जोडाकडे बोट जातं. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मॉडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या वर सिग्नलला किती वाव उरलाय ते) असतं ते कोरड्या दिवशी आणि पावसाच्या दिवशी लिहून ठेवा. ६ डीबीच्या खाली जात असेल तर तक्रार करताना ते दोन आकडे सांगा. नुसतं चालत नाही म्हणण्यापेक्षा त्याला वजन येतं.

दूरवर:
मागच्या खोलीत बंद पडलेला जुना फोन सॉकेटला लटकलेला आहे, त्याला डबी नाही!! तो बंद आहे म्हणून मोजलाच नव्हता.

सोल्डरगन:
बंद फोनसुद्धा लाइनवर असतोच. काढा.

वेंधळी:
मी फायबरवाली. केबलच्या नादात माझा पराक्रम सांगून ठेवते, कुणाचं तरी नुकसान वाचेल. भिंतीतून येणारी ती पांढरी बारीक दोरी मॉडेममागे लोंबत होती, दिसायला वाईट. मी ती छानपैकी गुंडाळली, चापून रबरबँड लावला आणि कपाट मागे ढकललं. संध्याकाळपर्यंत इंटरनेट रडतखडत, रात्री मॉडेमवर लाल दिवा. एलओएस का काय ते.

माणूस आला. मीटर लावला, येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजली. उणे २९. रबरबँड सोडला, दोरी मोकळी केली. उणे २०. इतकंच. पाच मिनिटांचं काम आणि माझी मान खाली.

सोल्डरगन:
यात मान खाली घालण्यासारखं काही नाही, दर आठवड्याला कुणी ना कुणी हे करतं. फायबरमध्ये प्रकाश धावतो, वळण फार घट्ट झालं की तो काचेबाहेर निसटतो. जुन्या प्रकारच्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण सोसत नाही. घरात वापरायच्या नव्या प्रकाराला १० किंवा ७.५ मिलिमीटर चालतं. आपल्याकडे कुठलं आहे ते माहीत नसेल तर तळहाताएवढं वेटोळं ठेवा, प्रश्न मिटला. रबरबँड आणि आवळपट्टी तर नकोच. मीटरवर साधारण उणे २७ च्या पलीकडे गेलं की मॉडेमला समोरचं ऐकू येईनासं होतं.

त्याच्या टोकाचा प्लग बऱ्याचदा हिरवा असतो. हिरवा म्हणजे टोकाची काच ८ अंशांत तिरकी घासलेली, निळा म्हणजे सरळ. हिरवा प्लग निळ्या सॉकेटात शिरतो, पण दोन काचांच्या मधे फट राहते आणि प्रकाश वाया जातो. टोकाला बोट लावू नका, आणि त्याच्यात डोळा घालून उजेड येतो का बघू नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणूनच जपायचं.

मीटरवाला:
टीव्हीच्या गोल केबलवरून ब्रॉडबँड घेणारे इथे कुणी असतील तर त्यांच्यासाठी, थोडक्यात. आरजी-६ वापरा, जुनी बारीक आरजी-५९ नको. मधले स्प्लिटर मोजा. दोन तोंडांचा एक स्प्लिटर प्रत्येक फाट्याला साधारण ३.५ डीबी खातो, म्हणजे अर्ध्याहून जास्त ताकद गेली. असे दोन मागेपुढे असले की मॉडेमच्या वाट्याला काय उरणार? मॉडेमची लाइन पहिल्याच स्प्लिटरवरून वेगळी काढायची, टीव्ही पुढे. रिकाम्या तोंडाला ७५ ओहमची टोपी लावायची. आणि एफ कनेक्टर (गोल केबलच्या टोकाचा फिरकीचा जोड) नुसता बोटाने फिरवून सोडू नका, पान्याने हलकासा आवळा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी सैल कनेक्टरच्याच असतात.

कोपऱ्यातला:
झाकणं उघडली. पाहून हसावं की रडावं.

मॉडेमकडच्या सॉकेटात चारच तारा बसवल्यात: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, हिरवी. तपकिरी जोडी केबलच्या वेष्टणाभोवती पाच-सहा वेढे देऊन गुंडाळलीय, अगदी नीटनेटकी, जणू मुद्दाम सजवून ठेवावी तशी. निळी जोडी मात्र बाजूला जाते, पेटीच्या मागून, आणि शेजारच्या फोनच्या सॉकेटात बसवलीय. कामाच्या खोलीतही तसंच. म्हणजे एकाच केबलमधून इंटरनेट आणि लँडलाइन, दोन्ही! वेष्टणावर छापलंय कॅट ५ई.

लँडलाइन बंद करून तीन वर्षं झाली.

तळटीप:
त्या काळी ज्याने हे केलं त्याने दोन केबलींचं काम एकीत केलं म्हणून पाठ थोपटून घेतली असेल.

सोल्डरगन:
आणि ते चूकही नव्हतं. १०० च्या वेगाला दोन जोड्या पुरतात, उरलेल्यातून फोन. तेव्हा सर्रास करायचे. केबल मात्र चांगली निघाली, उपसू नका.

आता कृती.

आधी ती निळी जोडी फोनच्या सॉकेटातून सोडवा, पण त्याआधी बाहेरून येणारी लाइन त्या सॉकेटात अजून जोडलेली आहे का बघा. तीन वर्षं बंद असली तरी वीज नसेलच असं धरू नका. चालू टेलिफोन लाइनवर ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना ९० च्या आसपास. जीव जात नाही, पण शिडीवर असाल तर तोल जातो.

मग सॉकेटच्या कडेला रंगांची चिठ्ठी असते, ए आणि बी अशा दोन ओळी. दोन्हींत निळी आणि तपकिरी जोडी त्याच जागी असते, बदलते ती केशरी आणि हिरवी. तुमच्या केशरी-हिरव्या ज्या ओळीप्रमाणे आत्ता बसल्यात तीच ओळ धरा, दोन्ही टोकांना तीच. त्या चार तारांना हातही लावू नका.

गुंडाळलेली तपकिरी सोडवताना हळू. इतकी वर्षं वेढ्यात राहिलेली तार वेढ्यापाशीच मोडते. मोडली तर वेष्टण थोडं मागे सोला, आत ताजी तार मिळेल.

जोडीचा पीळ शेवटपर्यंत ठेवा. १३ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा, त्याहून जास्त उलगडू नका. आणि स्क्रूड्रायव्हरने ढोसू नका. खाचेतल्या पात्या तारेचं प्लास्टिक कापून तांब्याला धरतात, स्क्रूड्रायव्हरने त्या पसरतात आणि मग कायमची ढिलाई. तार खाचेत दाबून बसवायचं पंच डाउनचं हत्यार मिळतं, प्लास्टिकचं साधं असलं तरी चालेल.

साडेतीन:
यावरून माझं एक विचारतो. मी स्वतः प्लग लावले, टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात, तरी लांबच्या खोलीत नेट अडखळतं. छोट्या केबलीला त्रास नाही. तारांचा क्रम केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, असा शेजारीशेजारी ठेवलाय, दोन्हीकडे सारखाच. दोन्ही टोकं सारखी असली की झालं ना?

पटाईत:
नाही झालं. इथेच मेख आहे. ३ आणि ६ या पिना मिळून एक जोडी आहे, आणि ४ व ५ त्यांच्या मधे बसतात. तुमच्या क्रमात ३ वर हिरव्या जोडीतली एक तार आणि ६ वर निळ्या जोडीतली एक. विजेच्या दृष्टीने तार जोडलेली आहे, म्हणून टेस्टर खूश. पण त्या दोन तारा एकमेकींशी पिळलेल्या नाहीत आणि पिळामुळेच तर गोंगाट कापला जातो. पाच फुटांत चालून जातं, लांब अंतरात एका जोडीचं बोलणं दुसरीत झिरपतं.

बी ओळ लिहून घ्या: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या पोटात निळी. प्लग कापून नवे लावा, जुने पुन्हा वापरता येत नाहीत.

साडेतीन:
दोन वर्षं मी कंपनीला शिव्या घालतोय. _/\_

कोपऱ्यातला:
अहवाल. पहिल्या फेरीत सगळं बसवलं, डेस्कटॉप लावला, लिंकचा दिवा लागला, विझला, लागला, विझला. शेवटी १०० वर स्थिर. धीर सुटला होता.

सोल्डरगन:
चांगलं लक्षण आहे! दोन्ही टोकं आता १००० वर यायचा प्रयत्न करताहेत. वेग ठरवायची बोलणी १-२ आणि ३-६ याच जोड्यांवर होतात, त्या तुमच्या धडधाकट. १००० ठरतं, चारही जोड्यांवर सुरू करायला जातात, कुठेतरी अडतं, मग माघार. एखादी तार चुकीच्या खाचेत असणार. पांढऱ्या तारा उजेडात बघा.

कोपऱ्यातला:
तेच होतं! पांढरी-निळी आणि पांढरी-तपकिरी यांची अदलाबदल. जुन्या तारेवरची रंगाची रेघ इतकी फिकी झालीय की टॉर्च तिरका धरल्यावर कळली. मी ज्या तारेला पांढरी-निळी समजलो ती तपकिरीला पिळलेली होती, तेव्हाच कळायला हवं होतं.

बदलली. लिंक स्पीड १०००/१०००. टेस्ट २८८. परत २९०. केबल तीच, कॅट ५ई. सर्वांचे मनापासून आभार, विशेषतः @सोल्डरगन आणि @पटाईत. ती सोनेरी टोकांची कार्टमधून काढली.

दूरवर:
माझ्याकडूनही. जुना फोन काढला. कालपासून एकदाही तुटली नाही, आणि काल चार फोन आले. पावसाचं पाऊस आल्यावर सांगतो.

वेंधळी:
मी कपाट पुढे ओढून ठेवलंय. मागे आता उंदीर फिरेल इतकी जागा आहे.

निवांत_मी:
धागा वाचून सहज माझी टेस्ट केली. टीव्हीवरच स्पीड टेस्टचं ॲप आहे. कॅट ८, सोनेरी टोकं, ५०० चा प्लॅन.

९४.

सोल्डरगन:
केबल थेट मॉडेममधून टीव्हीत जाते का, की मधे काही आहे?

निवांत_मी:
थेट. दोन मीटर.

सोल्डरगन:
मग केबलचा दोष नाही. बऱ्याच टीव्हींचं इथरनेट पोर्टच १०० चं असतं, अगदी महागड्या टीव्हींचंसुद्धा. केबल काढा आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका, दोन मीटरवरून जास्तच मिळतील.

निवांत_मी:
काढली. ३६०.

आता या केबलचं काय करू?